पगाराची वही: पीजीडीसीए (संगणकाची पदव्युत्तर पदविका) प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२५, सोमवार

दुसरं सत्र सुरू झालं आणि प्रोजेक्टचा विषय आज नक्की झाला: यंत्रमाग कारखान्याचा आठवडी पगार. फळ्यावरच्या यादीत ग्रंथालय, हॉटेल बुकिंग, मेडिकल स्टोअर असे विषय होते. त्यांचे तयार आराखडे कुठल्याही पुस्तकात मिळतात, म्हणून तर ते नको वाटले. सोलापुरात बसून चादरीचा हिशेब आपण नाही करायचा तर कोणी करायचा? सरांनी हो म्हटलं आणि एकच अट घातली, "आधी वही बघून या. वही न बघता एकही टेबल काढायचं नाही."

जोडी अशी: मी बी. कॉम., जोडीदारीण गणिताची बी. एस्सी. डेटाबेस (माहितीची टेबलं, म्हणजे तक्ते) आणि कागदपत्रं माझ्याकडे, प्रोग्राम तिच्याकडे. प्रोग्रामसाठी पायथन ही भाषा आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल वापरायचं ठरलं. पहिल्या सत्रात सी ही भाषा शिकलोय, पण पैशांचा आणि मराठी अक्षरांचा एवढा कारभार सीमध्ये करायचा तर परीक्षा येईपर्यंत त्यातच अडकून पडू.

११ जानेवारी, शनिवार

अक्कलकोट रोड एमआयडीसी. भावाच्या ओळखीने एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात शिरकाव मिळाला. मालकांनी परवानगी दिली ती मुनीमकाकांवर सोपवून: "त्यांना वेळ असेल तर विचारा, पगाराच्या दिवशी मध्ये मध्ये करू नका." आज पगाराचाच दिवस होता, त्यामुळे आम्ही कोपऱ्यात बसून नुसतं बघितलं. अभ्यासक्रमात याला फॅक्ट फाइंडिंग म्हणतात, आणि मुलाखत, प्रश्नावली, निरीक्षण असे त्याचे प्रकार पाठ करायला लावतात. खरी माहिती निरीक्षणातून मिळाली. मुलाखतीत काका "सोपं हाय, नग गुणिले दर" एवढंच सांगतात. बघत बसल्यावर कळतं की त्या गुणाकाराच्या आधी किती गोष्टी घडतात.

वही लांबट, लाल कापडी बांधणीची. एका आठवड्याला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे नाव आणि माग क्रमांक, मग सात वारांचे सात रकाने, उजव्या पानावर एकूण नग, दर, रक्कम, उचल, बाकी आणि शेवटी सही किंवा अंगठा. वारांच्या रकान्यात नुसता आकडा नाही. काही ठिकाणी आकड्यापुढे एक उभी रेघ, काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन. विचारल्यावर कळलं: पाव, अर्धी, पाऊण. पाळी बदलते तेव्हा मागावरची चादर अर्धवट असते. जाणारा विणकर कापडावर खडूने रेघ ओढतो. रेघेच्या अलीकडचं त्याचं, पलीकडचं येणाऱ्याचं. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, बघतो आणि पाव, अर्धी की पाऊण ते सांगतो. त्यावरून कधी भांडण होतं का, विचारलं. काका म्हणाले, "खडू हाय की. भांडण कशाला?"

रात्रपाळीचा माल कोणत्या तारखेचा, हेही विचारून घेतलं. पाळी सुरू झाली ती तारीख. उतरला कधीही असो.

१३ जानेवारी

भोगी. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, सगळं शहर तिकडे. कारखान्याला सुट्टी, आम्हालाही.

२० जानेवारी, सोमवार

आज वहीच्या एका आठवड्याच्या पानांची नक्कल समोर ठेवून नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये अशी टेबलं फोडली. वर्गात हा धडा विद्यार्थी, विषय आणि गुणांच्या उदाहरणावर झाला होता. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडलेली रिलेशनल कल्पना (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची), मग पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म, व्याख्या तोंडपाठ. पण ते का करायचं, हे आज पहिल्यांदा हाताला लागलं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

सात वारांचे सात रकाने म्हणजे पुस्तकातला रिपीटिंग ग्रुप (एकाच प्रकारच्या रकान्यांची पुनरावृत्ती). वहीत तो सोयीचा आहे, कारण पान आडवं वाचता येतं. टेबलात तो अडचणीचा आहे, कारण एखाद्या विणकराने एकाच दिवशी दोन मागांवर काम केलं तर त्या रकान्यात काय लिहायचं? काका तिथे दोन आकडे वरखाली लिहितात. म्हणून सात रकाने मोडून एक उभं उत्पादन टेबल केलं. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक कामगार, एक माग, एक तारीख, एक पाळी, एक माल आणि नग. शुक्रवारी सुट्टी घेतली तर शुक्रवारची ओळच नाही. रिकामा रकाना आणि शून्य यांतला घोळही त्याने संपला.

दुसरी गोष्ट, कामगाराचं नाव दर आठवड्याला नव्याने लिहिलं जातं, त्यामुळे एकाच माणसाचं नाव एका पानावर श्रीनिवास, दुसऱ्यावर श्रीनीवास, तिसऱ्यावर नुसतं शिनू. काकांना तिन्ही एकच आहेत हे ठाऊक आहे. संगणकाला नाही. कामगाराला क्रमांक दिला, नाव एकाच ठिकाणी ठेवलं. आमच्या वर्गात बऱ्याच जणांना वाटतं की टेबलं फोडणं हे परीक्षकासाठी करायचं काम आहे. वर्षाअखेरीला शिनूची अर्धीच कमाई बोनसच्या यादीत आली तर ते काम कुणासाठी होतं ते कळेल.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नळाला पाणी आलं, अकरापर्यंत भरणं चाललं, अभ्यास दुपारनंतर.

दराचा प्रश्न आज सुटला. मालाचं टेबल होतं: क्रमांक, नाव, दर. सरांनी एका वाक्यात ते उलथून टाकलं: "दर वाढला की मागच्या महिन्याचा पगार पण वाढणार का?" दर मालाच्या टेबलात ठेवला तर तो बदलताच जुन्या सगळ्या आठवड्यांचे हिशेब नव्या दराने दिसायला लागतील. म्हणून दराचं स्वतंत्र टेबल: माल, दर, लागू तारीख. जुना दर कधी बदलायचा नाही, नवीन ओळ घालायची. पगार काढताना त्या मालाच्या दरांमधून उत्पादनाच्या तारखेपर्यंतची सगळ्यात अलीकडची लागू तारीख शोधायची आणि तिच्यापुढचा दर घ्यायचा. क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) थोडी लांबते, आत आणखी एक क्वेरी येते, पण जुना आठवडा कधीही उघडला तरी जुन्याच पैशांत उघडतो.

यातूनच दुसरा नियम ठरला. वहीत आकडा बदलायचा झाला तर काका खोडरबर किंवा व्हाइटनर लावत नाहीत. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. बी. कॉम.ला आम्हीही हेच शिकलो: चूक पुसायची नाही, दुरुस्तीची नोंद करायची. मग आमच्या प्रोग्राममध्ये डिलीटचं बटण का असावं? ठेवायचंच नाही असं ठरवलं. उत्पादनाची ओळ चुकली तर तेवढ्याच नगांची उणे ओळ आणि मग बरोबर ओळ, दोन्हीवर कुणी कधी घातली त्याची नोंद. जोडीदारणीचं म्हणणं, त्यामुळे टेबल फुगेल. फुगू दे. ज्याच्या घामाचा हिशेब आहे त्याला "आधी वेगळं दिसत होतं" असं म्हणायची वेळ येऊ नये, आणि म्हणालाच तर दाखवता यावं.

१० फेब्रुवारी

डीएफडी (माहिती कुठून कुठे जाते त्याची आकृती) आणि ईआर डायग्राम (टेबलांच्या नात्यांची आकृती) काढून सरांना दाखवले. शून्य पातळीच्या डीएफडीत बाहेरचे घटक म्हणून आम्ही मालक आणि मुनीम काढले होते. सरांनी तिसरा काढायला लावला: कामगार. त्याच्याकडून माहिती येते आणि त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी जाते. चिठ्ठी आमच्या आराखड्यात तोपर्यंत नव्हती. कारखान्यातही नाही, पगाराचं पाकीट मिळतं, त्यावर रक्कम लिहिलेली असते, बस. आता हा बाण आकृतीत आला आहे, आणि मला वाटतं सगळ्या प्रोजेक्टमध्ये हाच बाण महत्त्वाचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काकांची वेळ मिळायला उशीर होता म्हणून जॉबरने माग दाखवले. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, हातवारे आणि ओठ बघून समजून घ्यायचं. चादरीच्या मागावर वर जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसवलेलं. पुठ्ठ्याचे लांबट पत्ते दोऱ्याने एकमेकांना शिवून त्यांची माळ केलेली, ती एका चौकोनी रुळावरून फिरते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की पुढचा पत्ता. पत्त्याला भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तिथले खालीच राहतात. मोराच्या पिसाऱ्याची कड अशी एकेका भोकाने कापडावर उतरते. जॉबरने एक फाटका पत्ता काढून हातात दिला. कडा तेलाने काळ्या पडलेल्या, एका भोकापाशी चिरलेला. तिथे दुसऱ्या पुठ्ठ्याचं ठिगळ लावून भोक पुन्हा पाडलं होतं.

आमच्या पहिल्या सत्राच्या पहिल्याच धड्यात हे आहे: जोसेफ मारी जॅकार्ड, फ्रान्स, १८०४, त्याच पत्त्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या अॅनालिटिकल इंजिनसाठी घेतली, आणि हर्मन हॉलरिथ यांनी १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवर मोजली. धडा आम्ही दोन गुणांचा प्रश्न म्हणून वाचला होता. ज्या गावात हे पत्ते अजून रोज फिरतात, तिथल्या संगणकाच्या वर्गाने वर्षातून एकदा तरी माग बघायला जावं, असं मी सरांना सुचवणार आहे.

५ मार्च, बुधवार

मालाच्या यादीत "कोऱ्या चादरी" दोनदा दिसायला लागल्या. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या. संगणकात साठवलेल्या मात्र वेगवेगळ्या, आणि शोधलं की एकच सापडते.

कारण सापडायला बराच वेळ गेला, म्हणून पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिल्या आहेत. "ऱ्य" दोन रस्त्यांनी लिहिता येतं. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, मग जोडणारं एक न दिसणारं चिन्ह, मग य. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो. आमच्याकडे इन्स्क्रिप्टने (भारतीय लिप्यांच्या ठरावीक कळफलकाने) टंकलेलं एका प्रकारे साठलं होतं, मोबाइलवरून आलेलं दुसऱ्या प्रकारे. पायथनमध्ये युनिकोडचं एकसारखेपण करणारं फंक्शन आहे, पण ते या दोन रूपांना एक मानत नाही. दुसरं रूप पहिल्यात बदलणारी ओळ आपणच लिहावी लागते. ती आता माहिती आत येण्याच्या दारातच बसवली आहे, साठवल्यानंतर शोधताना नाही.

तसंच ळ चं. युनिकोडच्या क्रमात ळ ल च्या लगेच पुढे आहे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. कामगारांची यादी क्रमाने लावायची तर हे ध्यानात ठेवायचं. यादी सध्या माग क्रमांकाने लावतो, त्यामुळे तूर्त नड नाही.

१५ मार्च, शनिवार

पैशांचा दिवस. जोडीदारणीने पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून दाखवली: ०.३०००००००००००००००४. संगणक अपूर्णांक दोनाच्या पायावर साठवतो, आणि एक दशांश त्या पायावर कधीच पूर्ण संपत नाही. गंमत म्हणजे काकांचे पाव, अर्धा, पाऊण तिथे अगदी अचूक बसतात, कारण ते दोनाचेच भाग. अडचण फक्त दरातल्या पैशांची. म्हणून रक्कम सगळीकडे डेसिमल प्रकारात (दहाच्या पायावर), फ्लोट (दोनाच्या पायावरचा अपूर्णांक) कुठेही नाही.

तरी एक उरलंच. समजा दर २४ रुपये ५० पैसे आणि विणलं पाव. रक्कम येते ६ रुपये साडेबारा पैसे. आता हा अर्धा पैसा कुठे जातो? पायथनचं साधं राउंड जवळच्या सम अंकाकडे झुकतं आणि ६.१२ देतं. शाळेत शिकवलेल्या रीतीने ६.१३. कुठली रीत घ्यायची हा प्रश्न काकांपुढे ठेवला तर त्यांनी वही पुढे केली. ते ओळीओळीला काहीच पूर्ण करत नाहीत. आठवड्याची सगळी रक्कम बेरजेला घेतात, पूर्ण रुपये हातात देतात आणि उरलेले पैसे "बाकी"त लिहून पुढच्या आठवड्यात ओढतात. कुणाचा अर्धा पैसाही बुडत नाही. आम्ही हेच जसंच्या तसं घेतलं. रकमेच्या टेबलात दशांशाच्या पुढे चार घरं, आणि पुढे ओढलेली बाकी ही वेगळी ओळ.

देवनागरी अंकांचं काम मात्र अगदी सोपं निघालं. काका १२३ मराठीतच टंकतात. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंक सरळ वाचतं.

७ एप्रिल

आजपासून समांतर चाचणी. वही आणि प्रोग्राम दोन्ही चालू, शनिवारी दोन्हीच्या बेरजा ताडायच्या. सध्या फक्त चादर खातं आणि कांडी खातं (बाण्याचं सूत कांड्यांवर भरतात ते).

१९ एप्रिल, शनिवार

पहिल्या छापील चिठ्ठ्या. अर्ध्या पानाएवढ्या, आकडे मोठे, कारण जुन्या विणकरांपैकी बऱ्याच जणांची वाचायची भाषा तेलुगू आहे आणि मराठी मजकुरापेक्षा त्यांना अंक पटकन कळतात.

कांडी खात्यातल्या अक्कांनी चिठ्ठी घेतली आणि वाचायच्या आधी कमरेची पिशवी उघडली. आतून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान निघालं, घडी घालून घालून मऊ झालेलं. त्याच्या पाठीमागे पेन्सिलच्या उभ्या रेघा, चार उभ्या की पाचवी आडवी. कांडीची मजुरी पेटीमागे असते, तेव्हा भरलेल्या प्रत्येक पेटीची एक रेघ. अक्कांनी एकेका जुडीवर बोट ठेवत मोजलं, मग चिठ्ठीतल्या आकड्यावर बोट ठेवलं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आम्ही दोघी शेजारी श्वास धरून उभ्या. आकडा जुळला. मग अक्का म्हणाल्या, "हे बरोबर हाय. माझं उचल किती राहिलं ते कुठं हाय?"

चिठ्ठीवर या आठवड्याला कापलेली उचल होती. एकूण घेतलेली किती आणि शिल्लक किती, हे नव्हतं. ते मालकांच्या अहवालात होतं. खरं तर कामगाराला आठवडाभर ज्या आकड्याची काळजी असते तो हाच. काकांना विचारलं, हे छापलं तर चालेल ना? "चालंल की. तोंडी विचारतेतच सगळी दर शनिवारी, छापून दिलं तर माझं डोकं खाणार नाहीत." संध्याकाळी चिठ्ठीत तीन ओळी वाढवल्या: आधीची उचल, या आठवड्याची कपात, राहिलेली उचल.

अक्कांचं ते पान मला आमच्या सगळ्या टेस्ट केसेसपेक्षा मोलाचं वाटतं. आमच्या कुठल्याही टेबलाशी त्याचा संबंध नाही. ते ज्याचं त्याने वेगळं ठेवलेलं माप आहे, आणि खरी पडताळणी अशा मापाशीच होते. रिपोर्टच्या टेस्टिंग प्रकरणात ही पडताळणी पहिली लिहिली आहे.

३ मे

वर्षाच्या कमाईचा अहवाल पूर्ण. कायद्याप्रमाणे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने बारावा हिस्सा, आणि तो वर्षाच्या पगारावर ठरतो. दिवाळीच्या आधी काका वहीची सगळी पानं उलटून प्रत्येकाची बेरीज करतात, त्यातच कित्येक रात्री जातात. उत्पादन उभ्या ओळींत असल्याने आता ही एका क्वेरीची गोष्ट झाली. मर्यादा आणि पात्रतेचे नियम प्रोग्राममध्ये घातलेले नाहीत. तो निर्णय मालकांच्या हिशेबनिसाने करावा. आम्ही फक्त कामगारवार, महिनावार रक्कम देतो, आणि तीच कामगारालाही मागितल्यास छापून मिळते.

रिपोर्ट बाइंडिंगला दिला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, दोन प्रती.

१२ मे, सोमवार

व्हायवा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ईआर डायग्रामवर बोट ठेवून विचारलं, दर वेगळ्या टेबलात का? उत्तर देता देता मी वहीच सांगितली. मग विचारलं, डिलीट का नाही? जोडीदारणीने उणे ओळीचं उदाहरण चालवून दाखवलं. त्यांनी स्वतः एक ओळ चुकीची भरली, दुरुस्त केली, आणि दोन्ही ओळी राहिल्या का ते बघितलं. बॅकअपबद्दल विचारलं, रोज रात्री पेन ड्राइव्हवर एक प्रत जाते एवढंच सध्या आहे, आणि तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात राहतो. तो काकांनी घरी न्यावा, असं परीक्षकांनी सुचवलं. ते योग्य आहे, लगेच करणार.

१७ मे, शनिवार

परीक्षेसाठीचं काम संपलं, पण कारखान्यातलं चालू आहे. मालकांनी पावसाळ्यापर्यंत वही आणि प्रोग्राम दोन्ही ठेवायचं ठरवलंय. कामगारांची नावं तेलुगू लिपीतही छापायची आहेत. युनिकोडमध्ये तेलुगूला देवनागरीपेक्षा वेगळ्या जागा आहेत, कामगाराच्या टेबलात एक रकाना वाढवला की भागेल, नावं मात्र ज्याची त्याच्याकडूनच लिहून घ्यायची.

आज कांडीचा दर वाढला. सोमवारपासून लागू. काकांनी खुर्ची ओढली, चष्मा सारखा केला आणि आम्ही काही सांगायच्या आत स्वतःच दराच्या पडद्यावर नवी ओळ घातली: पेटी, नवा दर, लागू तारीख १९ मे. मग मागच्या आठवड्याची अक्कांची चिठ्ठी पुन्हा छापायला सांगितली, जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवून एकेक आकडा ताडला. दोन्ही सारख्या होत्या. "आता टॉवेल खातं घ्या," काका म्हणाले. टॉवेलचा दर डझनावर असतो, नगावर नाही. तेव्हा मालाच्या टेबलात एकक हा रकाना लागणार. उद्या ते.